फलाटबाई आणि बंद खोलीतला खेळ

बसस्थानकावर त्यांना सगळे फलाटबाई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि नवऱ्याच्या तोंडी अधूनमधून यायचं, तेही काही बिनसलं असेल तेव्हा. बाकी चालक, वाहक, सफाईवाले, उपहारगृहाचा मालक, सगळ्यांच्या त्या फलाटबाईच.

स्थानकाच्या मधोमध काचेची एक छोटी खोली होती. आत एक टेबल, वळताना मान अडकून कुरकुरणारा पंखा, आणि बटण दाबून बोलायचा माइक. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली सुटतेय, कुठली रखडलीय, हे बाई वर्षानुवर्षं तिथून सांगत आल्या होत्या. पण नुसतं सांगून थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "फलाट चारवरच्या प्रवाशांनी धावपळ करू नये. गाडीचं इंजिन चालू आहे, पण चालक अजून चहा पितायत," असं त्या सांगायच्या आणि चारवरची माणसं हसत हसत पिशव्या खाली ठेवायची. चालक मात्र कप तसाच टाकून पळायचा.

आवाज असा की एकदा ऐकला की कानातून जाईना. दुकानात साबण मागितला तरी दुकानदार मान वर करून विचारायचा, "तुम्ही त्याच ना?"

घरी चार माणसं. नवऱ्याचं औषधाचं दुकान होतं आणि दिवसभर लोकांची दुखणी ऐकून तो घरी गप्प असायचा. सासूबाई मात्र त्याच्या वाटचंही बोलायच्या. चौथा धाकटा दीर. बँकेत नोकरी, लग्नाचा पत्ता नाही आणि डोक्यात एकच वेड, स्क्वॉश. घरात चालताना त्याच्या हातात रॅकेट असायचं, नसेल तेव्हा पोळपाटावरची कणीक तोडावी तसं मनगट फिरत असायचं. बैठकीच्या भिंतीवर चेंडूचे काळे ठिपके उमटले होते. सासूबाईंनी त्यावर कॅलेंडर लावलं, तर ठिपके कॅलेंडरवर उमटले.

शहराच्या क्रीडासंकुलात, पोहण्याच्या तलावामागे, स्क्वॉशची दोन कोर्टं होती. कोर्ट म्हणजे चार भिंतींची उंच, पांढरी खोली. मागची भिंत काचेची आणि तिच्यामागे बसायला चार पायऱ्या. खेळणारे मोजकेच. संकुलाच्या व्यवस्थापकांनी एक दिवस दिराला बोलावून सरळ सांगितलं, "दुपारभर कोर्टं रिकामी असतात. हेच चालू राहिलं तर एक कोर्ट मी घेणार आणि तिथे पळायची यंत्रं ठेवणार. त्याला मागणी आहे."

दिराने घरी येऊन ताटावर हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा इतका उतरला होता, की सासूबाईंनी त्याला न विचारताच भाजी दुसऱ्यांदा वाढली.

"मग तुम्ही काय करणार, भाऊजी?" बाईंनी विचारलं.

"स्पर्धा. यंदा मोठी घेणार. लोकांनी एकदा हा खेळ बघितला ना, की आपोआप येतील."

स्पर्धेच्या दिवशी लोक आले, पण ते खेळाडूंचेच लोक. कुणाची बायको, कुणाचा मेहुणा, कुणाचा शेजारी, तोही गाडीतून सोडायला आला म्हणून थांबलेला. बाई आणि सासूबाई दुसऱ्या पायरीवर बसल्या. काचेपलीकडे दोन पुरुष एकाच भिंतीकडे तोंड करून धापा टाकत होते.

"हे एकमेकांकडे बघत का नाहीत?" सासूबाईंनी हळूच विचारलं. "भांडण झालंय का?"

"मलाही तेच वाटतंय," बाई म्हणाल्या.

थोड्या वेळाने दीर धावत आला. गुण पुकारणाऱ्या गृहस्थांचा घसा बसला होता. सकाळपासून आवाज चिरकत होता, आता अजिबात फुटेना.

"वहिनी, तू बस ना माइकवर."

"अहो, मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही."

"कळायला कशाला हवं? पंच शेजारी बसलेत, ते बोटांनी दाखवतील. तू फक्त आकडे बोल."

फलाटबाईंनी माइक हातात घेतला आणि सवयीने बोटांनी बटण दाबलं. मग जे व्हायचं तेच झालं. "लक्ष द्या. पुढचा सामना कोर्ट क्रमांक एकवर लागलेला आहे. निळा सदरा घातलेले खेळाडू उजवीकडच्या चौकटीतून सुटतील."

पायऱ्यांवर हशा पिकला. निळ्या सदऱ्यातला खेळाडू खरोखरच सुटल्यासारखा सुटला.

कुणाच्या लक्षात आलं नव्हतं की त्या माइकचा एक कर्णा बाहेर तलावापाशीही होता. बाईंचा आवाज पाण्यावरून घुमला आणि पोहणारे लोक काठावर येऊन कान देऊ लागले. आपण तर बसस्थानकावर नाही, मग हा आवाज कुठून? खांद्यावर टॉवेल टाकून पाच-सहा जण आत डोकावले. मग आणखी काही. निथळत्या केसांनी ते काचेमागे उभे राहिले आणि बाईंना त्यांचे चेहरे दिसले. ते चेहरे त्यांच्या चांगल्या ओळखीचे होते. चुकीच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा अगदी असाच असतो.

मग त्यांना राहवेना. पहिला गेम संपताच त्यांनी माइक पुन्हा उचलला. "समोरच्या भिंतीला खाली पत्रा दिसतोय? चेंडू त्याला न लागता वरच्या भिंतीला लागायला हवा. धाडकन आवाज आला की समजा, गाडी चुकली. बाजूच्या भिंतींना लागला तर चालतो. जमिनीवर एकच टप्पा, दुसरा पडला की गुण गेला." पंच कानात सांगत होते, बाई आपल्या शब्दांत पुढे देत होत्या. निथळणारी माणसं पायऱ्यांवर बसली. पायऱ्या ओल्या झाल्या. पुढच्या गेममध्ये पत्रा वाजला तेव्हा सगळ्यांनी एकसुरात "आई गं" केलं.

इथवर ठीक होतं. पण शेवटच्या सामन्यात एका खेळाडूने कोपऱ्यातला असा चेंडू काढला, की बाईंच्या तोंडून माइकवरच निघालं, "अगं बाई, घेतला की!" तो खेळाडू दचकून थांबला, समोरच्याने चेंडू मारून टाकला आणि कोर्टावर वाद पेटला. गुण पुन्हा खेळवावा लागला.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे चिटणीस दातांचे डॉक्टर होते. उंच, शिडशिडीत, खेळावर जीव टाकणारा माणूस. जन्मभर समोरची माणसं तोंड उघडं ठेवून गप्प बसलेली, त्यामुळे शांततेची त्यांना सवय होती, असं दीर म्हणायचा. ते बाईंजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, रॅली चालू असताना, म्हणजे चेंडू खेळात असताना, बोलायचं नसतं. हे बसस्थानक नाही."

बाई चपापल्या. त्यांनी दोन्ही खेळाडूंची माफी मागितली आणि उरलेल्या वेळात आकड्यांपलीकडे अवाक्षर काढलं नाही. घरी आल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, पुन्हा मला त्या भानगडीत ओढू नका."

"मला मात्र तू बोललीस तेवढंच कळलं," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर मी त्यांचं भांडण मिटायची वाट बघत बसले असते."

डॉक्टरांचं वाक्य बाईंना दोन-तीन दिवस कुसळासारखं टोचत राहिलं. टोचत होतं कारण त्यात चूक काहीच नव्हतं. शेवटी एका संध्याकाळी कामावरून सुटल्यावर त्या तडक दवाखान्यात गेल्या. त्यांचा नंबर आला.

"कुठला दात?" डॉक्टरांनी दिवा त्यांच्या तोंडावर ओढला.

"दात ठीक आहेत. मला लेट आणि स्ट्रोक यातला फरक समजत नाही."

डॉक्टरांनी दिवा बाजूला केला. मग त्यांनी चूळ भरायचे दोन कागदी पेले घेतले, ट्रेवर ठेवले, मधे कापसाचा बोळा ठेवला. "हा पेला तुम्ही. हा मी. मी चेंडूकडे निघालोय आणि तुम्ही मधे आहात. तुम्ही बाजूला व्हायचा प्रयत्न केलात, तर लेट. पुन्हा खेळायचं. तुम्ही मधेच उभ्या राहिलात आणि माझा हमखास गुण गेला, तर स्ट्रोक. गुण मला." कापसाचा बोळा ट्रेभर फिरला. बाहेर एक गृहस्थ गाल धरून बसले होते, ते दार ढकलून आत डोकावले आणि पेले बघून परत गेले. त्या दिवसापासून बाई दर आठवड्याला जाऊ लागल्या. डॉक्टर शिकवताना इतके खुलायचे, की त्यांची मदतनीस म्हणायची, बाई, तुम्ही रोज येत जा, तुम्ही येता त्या दिवशी डॉक्टर कुणावर चिडत नाहीत.

नियम कळले, तशी बाईंना दुसरीच गोष्ट खुपायला लागली. पोहणारे त्या दिवशी मजेत बघून गेले खरे, पण त्यांतला एकही रॅकेट मागायला परत आला नव्हता. पुढच्या स्पर्धेच्या बैठकीला दिराने त्यांनाही नेलं. टेबलाभोवती मंडळी बसली होती, पत्रकं किती छापायची यावर खल चालला होता.

"मी एक बोलू?" बाई म्हणाल्या. "आमच्या स्थानकावर गाड्या बघायला कुणी येत नाही. माणूस येतो ते त्याला कुठेतरी जायचं असतं म्हणून, नाहीतर आपलं माणूस पोचवायला म्हणून. इथे तसंच करायला हवं. गावातल्या कामाच्या ठिकाणांचे संघ करा. रुग्णालय, टपाल कार्यालय, अग्निशमन दल, बेकरी, बँक. तिघांचा संघ. दोघं कसेही असोत, पण तिसऱ्याने जन्मात रॅकेट धरलेलं नसावं. नवख्याची गाठ नवख्याशीच, आणि तो सामना इतर दोघांच्या सामन्यांइतकाच मोजायचा."

पत्रकांचा कागद कुणीतरी बाजूला सरकवला.

"खेळाची थट्टा होईल," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. "लोक हसतील, बाई."

"डॉक्टर, तुम्ही पहिल्यांदा कोर्टात उतरलात तेव्हा कुणी हसलं नव्हतं?"

डॉक्टरांच्या ओठांचा कोपरा हलला. "माझे वडील हसले होते. इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं." आणि पुढे म्हणाले, "नवख्यांना आधी महिनाभर शिकवायचं. डोळ्यांना संरक्षक चष्मा सक्तीचा. या दोन अटी मान्य असतील तर माझी ना नाही."

बाईंनी दुसऱ्याच दिवसापासून ओळखीच्या माणसांना गाठायला सुरुवात केली. स्थानकाचा माइक मात्र त्यांनी या कामाला वापरला नाही. तो प्रवाशांचा, असं त्यांचं म्हणणं होतं. गरजही नव्हती. गावात ज्याला म्हणून कुठे जायचं असे, तो कधीतरी त्यांच्या काचेसमोर यायचाच.

आगाराचाही संघ झाला. एक तरुण चालक आणि कार्यशाळेतला एक मेकॅनिक दिराकडे आधीपासून थोडं शिकत होते. नवखा कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा उपहारगृहात बसलेल्या सगळ्यांनी एकदम फलाटबाईंकडे बघितलं.

"छे! मग माइकवर कोण बसेल?"

"डॉक्टर आहेत की," संघाची नावं घ्यायला आलेला दीर म्हणाला. "सगळे नियम त्यांना पाठ आहेत."

हे कानावर गेलं तेव्हा डॉक्टरांचा चेहरा, दात काढायला आलेल्यांचा होतो तसा झाला.

पहिल्या दिवशी बाई ट्रॅकपँट घालून कोर्टात उभ्या राहिल्या. दिराने दिलेला काळा चेंडू त्यांनी जमिनीवर टाकला. तो चिखलाच्या गोळ्यासारखा तिथेच बसला.

"भाऊजी, हा मेलेला दिसतोय."

"मेलेला नाही, गार आहे. भिंतीवर मारत राहा. तापला की उडतो."

बाईंनी मारला. म्हणजे रॅकेट एकीकडून गेलं, चेंडू दुसरीकडून. मग भिंतीला रॅकेट लागलं, मग गुडघ्याला. पंधरवडा उलटला तरी चेंडू काही तापेना, बाईच तापायच्या. मांडीवर एक निळा गोल डाग उमटला, कारण चालकाने मारलेल्या चेंडूच्या वाटेत त्या लेट की स्ट्रोक याचा विचार करत उभ्या राहिल्या होत्या. नवऱ्याने दुकानातून मलमाची नळी आणली आणि गप्प राहायचं सोडून म्हणाला, "यातलं दुकानात आता फारसं उरलं नाही. अग्निशमनवालेही नेतायत, बेकरीवालेही नेतायत. तुम्ही खेळ वाढवताय की माझा धंदा?"

आणि मग एका संध्याकाळी, कशी कोण जाणे, बाईंची आणि मेकॅनिकची एक लांब रॅली झाली. टप्, टप्, टप्. चेंडू भिंतीवरून येत राहिला आणि रॅकेट त्याला भेटत राहिलं. शेवटी चेंडू बाईंच्या हाती आला तेव्हा तो नुकत्याच घातलेल्या अंड्यासारखा ऊबदार होता. त्यांनी तो बराच वेळ मुठीत धरून ठेवला.

स्पर्धेच्या दिवशी चार पायऱ्या पुरल्या नाहीत. रुग्णालयातल्या परिचारिका गणवेशावरच आल्या, बेकरीवाले पिठाच्या हातांनी, आणि पहिल्याच फेरीत बँकेचा संघ टपाल कार्यालयाकडून हरला. दिराला हरवणारा पोस्टमन आनंदाने कोर्टाला दोन फेऱ्या मारून आला. व्यवस्थापक दाराशी हाताची घडी घालून उभे होते.

अडचण एकच होती. डॉक्टर माइकवर कुजबुजत होते.

"आवाज!" मागून कुणीतरी ओरडलं.

आगार विरुद्ध रुग्णालय. चालक जिंकला, मेकॅनिक हरला. आता नवख्यांवर सगळं आलं. रुग्णालयाची नवखी म्हणजे तिथल्या धुलाई विभागातली बाई. ओल्या चादरी पिळून पिळून तिचं मनगट असं झालं होतं, की हात मिळवतानाच फलाटबाईंना अंदाज आला. त्या कोर्टात शिरल्या, डॉक्टरांनी काहीतरी पुकारलं, ते त्यांनाही ऐकू आलं नाही. त्या काचेचं दार उघडून पुन्हा बाहेर आल्या.

"डॉक्टर, माइक तोंडाजवळ धरा. आणि कागदाकडे नाही, सगळ्यात वरच्या पायरीवर माणूस बसलाय ना, त्याच्याशी बोला."

डॉक्टरांनी वर बघितलं. वर सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी मान डोलावली. डॉक्टर बोलू लागले. आधी चाचरत, मग सावकाश, आणि मग असा काही आवाज लागला की चेंडू गार का असतो, भिंतीचा कोन कसा साधायचा, त्यांच्या लहानपणी रॅकेटं लाकडाची कशी असत, हे सगळं ते सांगत सुटले. आत दोघी बाया रॅकेट धरून वाट बघत उभ्या. शेवटी पंचांनी डॉक्टरांच्या कोपराला हात लावला.

पहिला गेम फलाटबाई सपाटून हरल्या. धुलाईवाल्या बाईचे फटके भिंतीतून पलीकडे जातील असे येत होते. दुसऱ्या गेममध्ये बाईंनी ओळखलं, की हिला जोर येतो पण पुढे धावायला आवडत नाही. त्या हळूच, पत्र्याच्या जरा वर चेंडू टाकू लागल्या. काही पत्र्यात गेले, काही नेमके बसले. दुसरा गेम बाईंचा. पायऱ्यांवर आगाराच्या लोकांनी असा गिल्ला केला की तलावावर शिट्टी वाजवणारी बाईसुद्धा बघायला आली.

तिसरा, निकालाचा गेम दहा-दहापर्यंत गेला. आता जी सलग दोन गुण घेईल ती जिंकेल. बाईंच्या छातीचा भाता झाला होता, केस कपाळाला चिकटले होते. चेंडू पुढच्या कोपऱ्यात पडला, आणि ऐन रॅलीत काचेमागून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, "अगं धाव ना! उभी काय राहिलीस?"

दोघी धावल्या, दोघी अर्ध्यात थबकल्या आणि दोघींना हसू फुटलं. असं हसू की धुलाईवाल्या बाईने गुडघ्यांवर हात टेकले. "लेट," डॉक्टर माइकवर म्हणाले, आणि मग, "वरच्या पायरीवरच्या प्रेक्षकांनी रॅली चालू असताना कृपया शांत राहावं." सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला.

पुढचे दोन्ही गुण धुलाईवाल्या बाईचे झाले. फलाटबाई हरल्या, आगार बाहेर. त्या कोर्टाच्या मधोमध उभ्या होत्या. आयुष्यभर त्या काचेआडून बाहेरच्या माणसांकडे बघत आल्या होत्या. आज काचेपलीकडची सगळी माणसं त्यांच्याकडे बघत होती आणि टाळ्या वाजवत होती. हरल्याचं वाईट वाटावं असं त्यांनी मनात शोधून बघितलं, पण तिथे काही सापडेना. फक्त तहान लागली होती.

"पुन्हा खेळायचं?" धुलाईवाल्या बाईने विचारलं. "म्हणजे अशाच. स्पर्धा नसताना."

"खेळू की. पण तुम्ही जरा हळू मारा."

"ते नाही जमायचं."

चषक अग्निशमन दलाने नेला. पळायच्या यंत्रांसाठी व्यवस्थापकांनी वरच्या मजल्यावरची एक खोली शोधली आणि दोन्ही कोर्टं जागच्या जागी राहिली. पुढच्या वर्षी संघ इतके आले की स्पर्धा दोन शनिवार-रविवार चालवावी लागली. शेजारच्या गावातून एक शिक्षक विचारायला आले, तुमची ती नवख्यांची पद्धत आम्ही घेतली तर चालेल का. डॉक्टरांनी त्यांना पेले आणि कापूस काढून सगळं समजावलं, दोन तास. डॉक्टर आता माइक सोडायला तयार नसतात. मधल्या वेळात बाई बोलतात, तेवढा करार झालाय.

धुलाईवाली बाई तर खरीखुरी खेळाडू झाली. त्याच शेजारच्या गावच्या महिलांच्या स्पर्धेत तिने पहिला नंबर काढला, आणि परत आल्यावर चषक धुलाई विभागात, इस्त्रीच्या टेबलाशेजारी ठेवला. फलाटबाईंना तिने आजवर बोटांवर मोजण्याइतके गेम दिले आहेत. बाई त्यांतला एकेक तपशिलासकट सांगू शकतात आणि घरी सांगतातही. नवरा ऐकून घेतो.

परवाच्या रविवारी सकाळी दोघी संकुलात आल्या तेव्हा दोन्ही कोर्टं भरलेली होती. फळ्यावर दुपारपर्यंत एक रकाना मोकळा नव्हता. पहिल्या कोर्टात बेकरीतला माणूस आपल्या बायकोला शिकवत होता. चेंडू समोरची भिंत सोडून सगळीकडे जात होता आणि ती प्रत्येक वेळी छताकडे बघून "अरे देवा" म्हणत होती.

"तुम्ही सांगा ना व्यवस्थापकांना," धुलाईवाली बाई म्हणाली. "तुमच्यासाठी अर्धा तास काढतील ते."

"काढतील," फलाटबाई म्हणाल्या आणि पायरीवर टेकल्या. आत त्या बाईचा फटका पहिल्यांदाच नीट बसला. चेंडू परत आला, तिने पुन्हा मारला, तो पुन्हा आला, आणि ती इतकी चकित झाली की तिसऱ्यांदा मारायचंच विसरली.

"बघितलंत?" फलाटबाई सरकून जागा करत म्हणाल्या. "बसा थोडं. त्यांचं होऊ दे."